मोडलं की घेऊन या

अण्णा, तुमचा खेळण्यांचा कारखाना बंद पडून माझं अख्खं आयुष्य सरलं, तरी तुमची गिऱ्हाइकं माझा पिच्छा सोडत नाहीत. भद्रकालीतली ती चार माणसांची जागा, लाकडी टांगे, चाक फिरलं की मान हलवणारे घोडे. रामकुंडावर आलेले यात्रेकरू ते टांगे गावोगाव घेऊन जायचे आणि तुम्ही प्रत्येकाला बजावायचात, "मोडलं की घेऊन या. केव्हाही." केव्हाही म्हणायची काय गरज होती? पुढे किल्लीची जपानी खेळणी आली, दोन वर्षांत कारखान्याला कुलूप लागलं, तुम्हीही गेलात, आणि हे केव्हाही माझ्या गळ्यात पडलं.

मी दहा वर्षांची असेन. तुम्ही जेवत होतात, एक बाई मोडका टांगा घेऊन आली, मी तिला उद्या या म्हणून परत पाठवलं. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, तिला थेट द्वारका चौकापाशी गाठलंत. परत आल्यावर एवढंच म्हणालात, "लहान पोराला उद्या कळत नाही." त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. अजून येतो.

आता माझे हात थरथरतात, चष्म्यातूनही धड दिसत नाही. मुलगा चिडतो, म्हणून परवा 'दुरुस्ती बंद' अशी पाटीच रंगवून घेतली. ती दाराला ठोकायच्या आतच पिंपळगावचे एक सत्तरीचे गृहस्थ पिशवी घेऊन हजर. पिशवीत तुमचा टांगा. घोड्याची मान लटकलेली.

"तुमच्या वडलांनी सांगितलं व्हतं, मोडलं तं घेऊन ये," ते म्हणाले.

मी वैतागून म्हणाले, आज जमायचं नाही, उद्या बघू.

"उद्याचं आपल्या वयात काय सांगावं, बाई?"

बसले तिथेच. मानेखालची खुंटी झिजली होती, तुमच्याच पटाशीने नवी तासली. घोड्याने मान हलवली आणि तो म्हातारा माणूस असा हसला की माझा सगळा वैताग ओसरला. मला ते आवडलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या रंगाच्या डब्यात ठेवते. पाटीही तिथेच, डब्यामागे उभी आहे. एक मात्र कबूल करते, रागावू नका. ती नवी खुंटी मी मुद्दाम जराशी बारीक ठेवलीय. वर्षभरात मोडेल, मग त्यांना यावंच लागेल.