तांदळातला खडा

थाटीपुर, मंगळवार, संध्याकाळ

आज दाना ओलीत, आजीच्या मोहल्ल्यात, तिची शोकसभा झाली. तिचं ब्याण्णव वर्षांचं आयुष्य मी वीस मिनिटांत सांगितलं. "तिनं कधी कुणाकडे काही मागितलं नाही," म्हटलं, तेव्हा लोकांनी डोळे पुसले.

खोटं आहे ते. का बोललो?

शाळेत असताना भाषणाची तालीम मी तिच्यासमोर करायचो. ती तांदूळ निवडत ऐकायची. एखादं वाक्य नुसतं टाळीसाठी आलं की ताटातला खडा उचलून माझ्यापुढे ठेवायची. "हे काढ. दाताखाली येतंय."

आणि मागितलं होतं तिनं. दिवाळीनंतर म्हणाली, "चार दिवस तुझ्या घरी ने रे. पाहिलंच नाही मी." अर्ध्या तासाचा रस्ता. तेव्हा माझी जागोजागी भाषणं चालू होती. मी म्हणालो, "आजी, एवढ्या सभा निपटू देत, मग नेतो."

"तुझ्या सभा माझ्यापेक्षा जास्त जगतील," ती हसून म्हणाली.

सभेनंतर आत्या म्हणाली, "ते 'मागितलं नाही'चं वाक्य फार छान होतं. छापायला दे." मी होकारार्थी मान हलवली.

आत्ता कागदावरून ते वाक्य खोडलं. पण लोक ते ऐकून घरी गेले आहेत, आणि खडा ठेवणारी आता कुणी नाही.