पुसायची राहिलेली जागा

मंगळ., १० मार्च
पेशंटला हळूहळू औषध देणाऱ्या सिरिंज पंपाची तपासणी परत अडली होती. प्रोग्रामची कुठली ओळ चाचणीत चालली, कुठली नाही, याची हजेरी पंपातल्या बोर्डाच्या मेमरीत लागते. पण अलार्मच्या चाचणीत बोर्ड रीस्टार्ट होतो नि हजेरी पुसली जाते. आज मेमरीत काय कुठे बसवायचं ते ठरवणाऱ्या लिंकरच्या फाइलमध्ये हजेरीसाठी वेगळा सेक्शन केला, रॅमच्या अगदी टोकाला. सुरू होताना तेवढी जागा पुसायची नाही. चाललं!!
आमच्या टेस्टिंगचे लुकस अंकल खूश. म्हणाले, "मी रिटायर व्हायच्या आत जमवलंस बाय." याच महिन्याअखेर जाणार ते. गिरीजच्या वाडीतली सुकेळी दिली, घरी सुकवलेली केळी. दोन तिथेच खाल्ली.

शुक्र., १३ मार्च
रिपोर्ट आला. सगळं हिरवं, म्हणजे प्रत्येक ओळ चाललेली. बॅटरी उतरल्यावरच्या अलार्मचा भागसुद्धा.
अंकल बॅटरी उतरेपर्यंत बसणार होते, चार-पाच तास. आज शुक्रवार, चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना. मीच म्हटलं, "हिरवं आलंय ना अंकल, कशाला बसता?"
"तू बघितलंस ना? मग झालं." सही करून गेले.
जरा खटकलं. बॅटरीची चाचणी आपण केली कधी? बहुतेक दुसऱ्या कशात तरी होऊन गेली असेल. सोडून दिलं. सोमवारी आठ पंप इस्पितळात जाणार.

बुध., १८ मार्च
नवा बोर्ड आला. वीज दिली आणि एकही चाचणी न करता सहज रिपोर्ट काढला. निम्मं हिरवं.
काहीच चाललेलं नसताना.
नव्याने वीज मिळते तेव्हा मेमरीत कचरा असतो. रीस्टार्टला पुसायचं नाही हे बरोबर, पण पहिल्यांदा तरी पुसायला हवं होतं. मी कधीच पुसलं नाही. कचऱ्याचीच हजेरी लागली.
फाइल दुरुस्त केली, चाचण्या परत चालवल्या. बॅटरीचा भाग लाल. तो कधी चाललेलाच नाही.
अंकल समोर डबा खात होते. बोलले नाही मी.

गुरु., १९ मार्च. पाडवा
चंदनसारच्या आमच्या एवढ्याशा गॅलरीत नीलेशने गुढी उभारली. म्हणाला, "नमस्कार तरी नीट कर." लक्ष कुठे होतं.
ठरवलंय, आधी स्वतः तपासायचं. अलार्म वाजत असेल तर कुणाला सांगायचं कारणच काय?
(असं लिहिताना लाज वाटतेय.)

शनि., २१ मार्च
सुट्टी. वॉचमनकडून कंपनीच्या गाळ्याची किल्ली घेतली. पंप बॅटरीवर लावून बसले. बॅटरी उतरत आली, अलार्म वाजला. मी एकटीने टाळी वाजवली. बटण दाबून आवाज बंद केला, कुठलीही नर्स करेल तसा. मग नळीला चिमटा लावला. आता नळी अडल्याचा अलार्म यायला हवा.
नाही आला. चार्ज करून परत सगळं. परत नाही. औषध थांबलेलं, पंप गप्प.
अंकल बसले असते तर त्यांना सापडलं असतं. ते चिमटा लावतातच.
कंपनीच्या सरांना फोन करायला हवा होता. ईदची सुट्टी, म्हटलं सोमवारी…

रवि., २२ मार्च
नीलेशला सांगितलं.
"चुकून झालं ना पण?"
"बुधवारपर्यंत चूक होती. त्यानंतर…"
तो म्हणाला, "उद्या मी येऊ का गेटपर्यंत?"

सोम., २३ मार्च
आधी अंकलना सांगितलं, बुधवारपासूनचं सगळं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"सही माझी आहे, बाय."
"माझ्या सांगण्यावरून केलीत."
"सांगितलंस तू. बसायचं काम माझं होतं. हिरवं बघून उठलो मी."
ओरडले असते तर बरं झालं असतं.
दोघं सरांकडे. सरांनी तिथल्या तिथे इस्पितळात फोन लावला. सात पंप बाजूला काढून ठेवले त्यांनी, आठवा एका बाईंना लावलेला. दुसरा पंप लावून तोही काढला.
सर: "तुला कळलं कधी?"
"शनिवारी," मी म्हणाले. तोंडातून गेलंच. अंकलनी फक्त माझ्याकडे पाहिलं.
दुपारी पंप आणायला गेलो. त्या बाईंची मुलगी विचारत होती, "आधीचा मध्येच कधी बंद पडला होता का?" पंपात तशी नोंद राहत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणता आलं.

मंगळ., २४ मार्च
सरांना लेखी दिलं. त्यात बुधवार लिहिला. सरांनी वाचलं. "काल शनिवार म्हणालीस."
"खोटं बोलले सर."
त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे काय ते सांगितलं नाही.
अंकल सकाळपासून पंप बॅटरीवर लावून बसलेत. निरोपाचा कार्यक्रम नको म्हणाले. मीही जाऊन शेजारी बसले. घड्याळ बघत राहिलो दोघं.
इस्पितळातल्या सिस्टर आठही पेशंटचे आठवड्याचे कागद तपासतायत. काही आढळलं तर कळवते म्हणाल्या.
ऑफिसचा फोन आज तीनदा वाजला. तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी होतं.