सुतार भावांची वाटणी आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, शनिवार. सकाळी साडेसहा.
नवी वही काढली. आजपासून चार शनिवार ‘वकिलांसाठी प्रगत वाटाघाट कौशल्ये’ हा कोर्स. खरं तर मला गरज नाही, शांत स्वभाव उपजतच आहे. पण मोठे वकील म्हणाले, जाच.
हे गेल्यावर मी एकटीनं पुस्तकं वाचून परीक्षा दिल्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सनद मिळाली. गेलं दीड वर्ष मोठ्या वकिलांच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नोटिसा तपासतेय. आता पहिली स्वतंत्र केस. दोन सुतार भाऊ, बापामागे कारखान्याची वाटणी. २८ तारखेला कोर्टात तारीख आहे. त्याआधी तडजोडीवर दोघांच्या सह्या आणल्या तर ऑफिसातली आतली खोली माझी, दारावर माझी पाटी. नाही आणल्या तर परत नोटिसा.
दाराचं माप घेऊन ठेवलंय.

संध्याकाळी ६.
कोर्सचे सर फार हळू बोलतात. पहिला धडा: समोरच्याचे शेवटचे शब्द प्रश्नासारखे परत म्हणायचे. म्हणजे तो मन मोकळं करतो. शेजारचा तरुण वकील सारखं पेन टकटक वाजवत होता. पेन शांतपणे काढून घेतलं. त्याचं बोट मध्ये आलं, त्याला माझा इलाज नाही.

५ मार्च, सोमवार. दुपारी २.
पहिली बैठक. थोरला म्हणजे दरवाजाएवढा माणूस. धाकटा बारीक, पण हात लोखंडाचे.
थोरला म्हणाला, याला एक खिळा मिळणार नाही. मी विचारलं, “मिळणार नाही?” तो म्हणाला, मागितला तर हात मोडीन. मी म्हटलं, “हात मोडीन?” तो जरा थांबला. म्हणाला, दोन्ही. मी म्हटलं, “दोन्ही?”
यानंतर त्याला मागं फिरायला वाव राहिला नाही, असं आता वाटतं. उठला आणि मोडायला लागला. करंगळीच मोडली फक्त. हातांच्या मानाने पाहिलं तर मोठी सवलत.
लेक सरकारी दवाखान्यात अपघात विभागात नर्स आहे. धाकट्याची पट्टी तिनंच बांधली. घरी येऊन म्हणाली, “आई, तो सांगतोय की बाईंनीच आकडा वाढवत नेला.”
मन मोकळं करणाऱ्यांचं असंच असतं. नंतर दुसऱ्यावर ढकलतात.

१० मार्च, शनिवार.
दुसरा धडा: मौन. समोरचा तापला की आपण गप्प. गप्प बसण्याची ताकद फार मोठी, असं सर म्हणाले. कितीही अवघड वाटलं तरी मौन आपण मोडायचं नाही.
घरी आल्यावर एक कप फुटला. ओला होता. भिंत ओट्यापासून चार हातांवर आहे, तिथपर्यंत गेला कसा, कळत नाही.

१२ मार्च, सोमवार. दुपारी ४.
दुसरी बैठक. धाकटा म्हणाला, याने बापाला शेवटचे सहा महिने पाणी विचारलं नाही. थोरल्यानं पेपरवेट उचललं. ते फेकलं, पण धाकट्याला लागलं नाही, कपाटाच्या काचेला लागलं. मग धाकट्यानं थोरल्याला टेबलाखाली घेतलं आणि गुडघा मानेवर ठेवला.
मी मौन धरलं. एकूण नऊ मिनिटं. थोरल्याचा चेहरा आधी लाल आणि मग वांग्यासारखा झाला. मौन मी मोडलं नाही. टेबलाखालून बोटांनी फरशी वाजवल्याचा आवाज आला तेव्हा वाटलं, आता हा काहीतरी प्रस्ताव मांडणार. तेवढ्यात मोठे वकील दार उघडून आत आले आणि दोघांना ओढून वेगळं केलं. सगळी प्रक्रिया तिथेच तुटली.
मला म्हणाले, तुम्ही बघत काय बसला होतात? मी गप्प राहिले. ते आणखी तापले.

१३ मार्च.
लेकीला सांगितलं, पंचवीस वर्षांत तुझ्या बाबांचं आणि माझं एकदाही भांडण झालं नाही. याला म्हणतात कौशल्य. ती म्हणाली, “बाबा गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आई. पावसातसुद्धा.”
त्यांना हवा आवडायची.
त्यांना जाऊन पाच वर्षं, दोन महिने झाले. सकाळी बसस्टॉपवर, डबा हातात. घरातून निघताना मी बोलत होते, विषय गॅसच्या नंबराचा. आमच्यात शेवटचा शब्द नेहमी माझा असायचा. त्या दिवशीही होता. जेवायला ताटं मी अजून तीनच घेते, सवयीनं.
संकल्प: उद्यापासून रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसणे.

१४ मार्च.
डोळे मिटून बसले. वरच्या मजल्यावर कुणीतरी ठोकत होतं. झाडूच्या दांड्यानं छताला हळूच खूण केली. छताचा पोपडा पडला. दांडाही जुनाच होता.

१७ मार्च, शनिवार.
तिसरा धडा: पक्षकारांनी जागा बदलायच्या. थोरल्यानं धाकटा व्हायचं, धाकट्यानं थोरला. दुसऱ्याच्या जागेवरून जग कसं दिसतं ते कळतं. मला हे फारच पटलं. सोमवारी सह्या होणार. पाटीवाल्याला पितळेचा भाव विचारला.

१९ मार्च, सोमवार. दुपारी ३.
जागा बदलल्या. धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसला आणि काय सांगू, हुबेहूब. तीच मान, तोच घसा, टेबलावर तीच थाप. “मी थोरला. मला अक्कल नाही, पण मी आधी जन्मलो.” मला हसू आलं. थोरल्याला नाही आलं. त्याला मी म्हटलं, तुम्ही धाकटे आहात, धाकटा आता काय करेल? तो म्हणाला, “धाकटा डोक्यात खुर्ची घालेल.” आणि भूमिकेत शिरून घातली.
धाकट्याच्या कपाळावर खोक पडली. ऑफिसच्या खुर्चीचे तीन तुकडे झाले.
यानंतर मात्र एक नवल घडलं. धाकटा रक्त पुसत खाली वाकला, तुटलेला पाय उचलून बघितला आणि म्हणाला, “दादा, आत खुंटीच नाही रे. नुसत्या सरसावर उभी केलीय.” थोरला गुडघ्यावर बसला. दोघांनी तो पाय उलटासुलटा करून पाहिला. असं काम करणाऱ्याचे हात छाटले पाहिजेत, यावर त्यांचं पूर्ण एकमत झालं. मग बाकीच्या सगळ्या खुर्च्या हलवून पाहिल्या. कोणत्या मेल्यानं तुम्हाला या विकल्या, असं मला दोघांनी मिळून झापलं.
झापलं म्हणजे काय, त्यांचा सूर जुळला. हे सगळं जागा बदलण्याचं यश. मोठ्या वकिलांना तसं कळवलं. ते तुकड्यांकडे बघत होते.
कपाळाला पाच टाके. लेक म्हणते, तुझी माणसं आता नाव न विचारता आत घेतात.

२४ मार्च, शनिवार.
कोर्स संपला. सर्टिफिकेट मिळालं. त्यावर ‘उपस्थित होत्या’ एवढंच लिहिलंय. परीक्षेत माझी जोडी त्या पेनवाल्या वकिलाशी लावली होती. त्याने जोडी बदलून मागितली. घाबरला असावा, माझ्या तयारीला.

२६ मार्च, सोमवार. सकाळी १०.
काय दिवस! रविवारी दोघांनी कारखान्यात बसून आपापलं वाटून घेतलं. करवतयंत्र थोरल्याला, लाकूड धाकट्याला, जागा निम्मी निम्मी. कागद मी तयार केलाय. फक्त भोकं पाडायची आणि सह्या घ्यायच्या. पाटीवाल्याला सांगून टाकलं, घाल अक्षरं.

दुपारी १.
घडलं ते जसंच्या तसं लिहिते.
एक वस्तू राहिली होती, बापाचा लाकूड तासायचा हातरंधा. मूठ झिजून काळी झालेली. मी विचारलं, हा कुणाकडे? धाकटा मूठ चाचपत राहिला. थोरला म्हणाला, भंगारात टाका. मी म्हटलं, वडिलांच्या हातातला आहे. तो म्हणाला, “मेलेल्या माणसाच्या वस्तू कशाला उराशी धरून बसायचं, बाई? गेला तो सुटला. तुम्हीही...”
पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या हातात पंचिंग मशीन होतं. मग ते थोरल्याच्या तोंडावर होतं. मग परत माझ्या हातात, आणि मग परत तोंडावर. पुढचा दात वहीवर पडला. मी टेबलाच्या पलीकडे कशी गेले, आठवत नाही. कुणीतरी किंचाळत होतं. ती मी.
धाकट्यानं मला मागून धरलं. म्हणाला, “बाई, माझ्या भावाला हात लावायचा नाही.”
थोरल्याला खांद्यावर घेऊन तो गेला. कागदावर सही नाही, नुसतं रक्त.
मी शांतच आहे. मशीन धुऊन जागेवर ठेवलं.

२७ मार्च, मंगळवार.
सह्या झाल्या. दवाखान्यात, थोरल्याच्या खाटेवर. मोठे वकील कागदाची नवी प्रत घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत आले. त्यांनी काय केलं, असं मी विचारलं. म्हणाले, काही नाही, पेन दिलं. रंधा कारखान्यातच राहणार, ज्याचं काम असेल त्याने वापरायचा. साक्षीदार म्हणून माझ्या लेकीची सही आहे.
आतल्या खोलीत आता झेरॉक्स मशीन ठेवणार. मी पाटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, अक्षरं कोरून झाली, घेऊन जा.
थोरला पोलिसात जाणार नाही. अट एक: लेखी माफी. ती मागताना बाई खोलीत नकोत.

२८ मार्च, बुधवार. सकाळी ११.
कोर्टात ते दोघं आणि मोठे वकील गेलेत. मी माफीचा मसुदा केला. दीड पान. पक्षकाराच्या चिथावणीचं स्वरूप, माझी मनःस्थिती, कोर्सच्या तीन संदर्भांसह. मोठ्या वकिलांनी सकाळीच तो वाचून बाकी सगळं खोडलं होतं. राहिलं एवढंच: मी मारलं. त्यांनी वाईट काही केलं नव्हतं. चुकले.
सही केली. लेकीबरोबर कोर्टात पाठवला.

दुपारी ३.
लेक परत आली. थोरल्यानं कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. निरोप दिलाय. तोंड सुजल्यामुळे नीट बोलता येत नव्हतं, म्हणून तिनं दोनदा विचारून घेतला.
“बाईंना सांग, माफ केलं. दुखतंय मात्र.”
शेवटचा शब्द त्याचाच राहू दिला. लेकीनं डाळ-भात लावला. मी ताटं घेतली. दोन.