भेंडीची न फवारलेली ओळ

मी, प्रमिला देवजी घरत, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, तळोज्याच्या एका कीटकनाशक कारखान्यातून निवृत्त झालेली रसायनतज्ज्ञ, राहणार पनवेल, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण आणायला माणसांना घरी यावे लागते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बाकी शरीराबद्दल असे काही लिहून देण्याचे त्यांनी टाळले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पुतण्या प्रितेश याने एकदा तयार करून आणले होते, माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून. त्या कागदावर मी त्याच्या समक्ष भेंडी चिरली.

कलम १. वारसांचा एक गैरसमज आधी दूर करते. मी ज्या औषधावर आयुष्य घालवले ते विकून कुणीही श्रीमंत होणार नाही.

भेंडीवर केवडा नावाचा रोग पडतो. नाव सुगंधी आहे, रोग विषाणूचा आहे. पांढरी माशी तो झाडाझाडावर पोचवते, पाने पिवळी पडतात, भेंडी पांढरट निघते आणि बाजारात तिला कुणी हात लावत नाही. एकदा रोग आला की इलाज नाही. करंजाच्या बीमधला एक पदार्थ या विषाणूला थोडाफार अडवतो, पण पानावर उन्हात टिकत नाही. मी त्याच्या रेणूला गंधकाचा एक तुकडा जोडला. आता तो पानावर टिकतो आणि विषाणूच्या कवचाला चिकटून बसतो. सांगायला एवढेच आहे. करायला माझी सगळी नोकरी गेली.

ही कृती मी छापून मोकळी झाले आहे, तेव्हा ती आता कुणाच्या बापाची नाही. प्रितेशने कुठल्याशा कंपनीशी बोलणी लावल्याचे कानावर आले. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. कृती सर्वांना मिळाली, फक्त तिच्यावर विश्वास कुणाचा नाही, कारण शेतावरची चाचणी एकदाही पुरी झालेली नाही. ती का झाली नाही, ते पुढील दोन कलमांत येते.

कलम २. कारखान्याचे तत्कालीन व्यवस्थापक श्री. परेश टिळेकर यांना माझा जुना चष्मा द्यावा.

औषध निरोगी रोपावरच मारायचे असते. त्यामुळे ते चालले हे दाखवायचे तर एक ओळ मुद्दाम न फवारता ठेवावी लागते. ती आजारी पडते, बाकीच्या पडत नाहीत, मग लोकांना पटते. कारखान्याच्या प्लॉटवर मी अशी ओळ ठेवली होती आणि ती अगदी मनासारखी पिवळी पडली होती. मुंबईहून संचालक यायच्या आदल्या दिवशी श्री. टिळेकर तिच्यापाशी थबकले. "मॅडम, हे पिवळं काय ठेवलंय? साहेब लोक येतायत, इम्प्रेशन काय पडेल?" आणि संध्याकाळपर्यंत ती ओळ उपटून तिथे झेंडूच्या कुंड्या मांडून झाल्या.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी शेत पाहिले आणि विचारले, "सगळंच हिरवं आहे. मग औषधाने नेमकं केलं काय?" श्री. टिळेकर माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू त्यांनाही हीच शंका होती. माझे काम बंद झाले. श्री. टिळेकरांना टापटिपीबद्दल बढती मिळाली.

कलम ३. गव्हाण येथील जमिनीचा तुकडा. बाकीची जमीन सरकारने घेतल्यावर हा उरला आणि वडिलांनी तो माझ्या नावे केला. आता विमानतळामुळे त्याला फार मोठा भाव आला आहे असे प्रितेश मला दर भेटीत सांगतो, म्हणजे वर्षातून दोनदा. हा तुकडा, विहिरीच्या पाण्याच्या हक्कासह, मी दिपा हरेश कडू हिला देत आहे. पाठीवरचा फवारणीचा पंप आणि औषधाच्या बरण्याही तिच्याच. ती तिथे भाजी पिकवते आणि मला दर आठवड्याला शिव्या न देता वाल आणि शिराळी पाठवते.

हे बक्षीस आहे, पण माझा राग गेला असे कुणी समजू नये. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकरवी चाचणी पुन्हा लावली. बांधाकडची ओळ न फवारता ठेवायची, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. महिना झाला तरी ती ओळ हिरवीगार. मी औषध तपासले, वारा तपासला, शेवटी दिपाला विचारले. मी नसताना ती पहिल्यापासून त्या ओळीवरही पंप मारत होती.

"बाय, सगल्यांना दवा आन् तिला नाय? तिनं काय पाप केलंय? डोल्यासमोर झाड पिवलं पडतंय, मना नाय बगवत."

एक ओळ मेली तर गावोगावची भेंडी वाचेल, हे मी तिला तासभर समजावले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुमी शिकलेल्या हाव, तुमाला जमतंय. मना नाय जमनार." परत येताना रिक्षात मी संतापाने रडले. एकदा दिखाव्याने घात केला होता, एकदा मायेने केला. दिखाव्याला निदान शिव्या तरी देता आल्या.

कलम ४. बँकेतली जी शिल्लक दवाखाना सोडील, तिच्यातून या हंगामाच्या चाचणीचा निकाल मराठीत छापून वाटावा. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी छापावा. माझी इज्जत जाईल, पण तोवर मी गेलेली असेन.

कलम ५. यंदाची भेंडी गव्हाणला उगवून आली आहे. बांधाकडची पहिली ओळ पुन्हा न फवारलेली आहे. पाणी सर्व ओळींना सारखे. पहिला तोडा मी पाहीन असे वाटत नाही. डॉक्टर तसे म्हणत नाहीत, पण हल्ली त्या मला जवळच्या माणसांचे फोन नंबर विचारतात. मला मरणाची भीती वाटत नाही. ही ओळ पुन्हा कुणीतरी वाचवील, याची वाटते.

म्हणून राखणीला प्रितेश गोरख घरत याची नेमणूक करते. त्याने रोज सकाळी जाऊन त्या ओळीपाशी उभे राहावे, दिपाला पंप घेऊन जवळ येऊ देऊ नये, आणि ओळ पिवळी पडून सुकेपर्यंत काहीही करू नये. या कामाला त्याच्याइतका लायक माणूस आमच्या घराण्यात नाही. त्याचे वडील, म्हणजे माझा भाऊ गोरख, दवाखान्यात शेवटचे दिवस काढत होता, तेव्हा हा उशाशी बसून मोबाइलवर जागांचे सौदे करत होता. मी म्हटले, अरे, बाबांच्या ओठांना जरा पाणी लाव. तर म्हणाला, "आत्या, नर्स आहे ना त्याच्यासाठी. कॉल चालू आहे." पाणी मी लावले. ते दृश्य मी विसरलेले नाही आणि त्याला माफही केलेले नाही.

ओळ त्याने नेमून दिल्याप्रमाणे मरू दिली, तर शेवटच्या तोड्यानंतर पनवेलचा माझा फ्लॅट त्याला मिळावा. तो राखणीला गेलाच नाही, तर फ्लॅट दिपाला.

या मृत्युपत्राचे व्यवस्थापक श्री. कमलाकर भोपी, माझे जुने सहकारी, यांनी यापुढचा मजकूर प्रितेशला आधी वाचून दाखवू नये, नाहीतर त्याचे काळीज पहिल्याच सकाळी हलेल.

समजा, रोज उभे राहून पाहताना त्याला खरोखरच राहवले नाही आणि त्याने स्वतः पंप उचलून त्या ओळीवर मारला, तर चाचणी तिसऱ्यांदा वाया जाईल आणि माझे सगळे काम मातीत जाईल. तसे झाल्यास फ्लॅट त्याला त्याच दिवशी द्यावा. तोड्यासाठी थांबू नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो मान्य आहे. खालील दोघांसमोर सही केली. दोघांनाही यात काही ठेवलेले नाही, हे त्यांना सहीआधीच सांगितले. तरी त्यांनी सह्या केल्या.

स्थळ : पनवेल
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

सही : प्रमिला देवजी घरत

साक्षीदार :
१. डॉ. वसुंधरा ओक, पनवेल (सही)
२. कुंदन भोईर, तळमजल्यावरचे औषध दुकान, पनवेल (सही)