सहा भाषांतली प्रतिज्ञा

३ जुलै
चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझ्या सहीचं परिपत्रक मिळालं. शाळेत सहा भाषांची मुलं आहेत, म्हणून देशाशी एकनिष्ठ राहण्याची प्रतिज्ञा सहा वारी सहा भाषांत म्हणायची, म्हणे त्यानं एकी वाढेल! कल्पना तुझीच, हे वाचताक्षणी ओळखलं. लहानपणी खाऊ वाटायला तुला बसवलं की घरात हमखास रडारड व्हायची.

एकी अशी वाढली आहे की बंदरावरच्या पालकांना सोमवारच हवा. विणकरांच्या वाट्याला शनिवार आला, तर अर्ध्या दिवसाची शाळा आमच्याच माथी का, म्हणून ते फाटकावर येऊन बसले. शिक्षकांच्या खोलीत परवापर्यंत एका टेबलावर डबे उघडायचे. आता टेबलं तीन झाली आहेत, आणि मी मुख्याध्यापिका म्हणून कपाटापाशी उभ्यानं जेवते.

खरी काळजी निराळीच आहे. चौथीत एक नवी मुलगी आली आहे, वडील दगडाच्या खाणीत कामाला. तिची भाषा तुझ्या सहांत नाही, आणि त्या सहा तिला अजून कळत नाहीत. प्रतिज्ञेला ती ताठ उभी राहते, पण तोंड मिटून. तुझ्या कलम चारप्रमाणे प्रतिज्ञा न म्हणणाऱ्याचं नाव महिनाअखेर पटावरून काढायचं. सातवी भाषा घाल, एवढंच मागणं.

बोलते कडू, पण माया तेवढीच आहे हे धरून चाल.
तुझी ताई

९ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सातव्या भाषेला सातवा वार लागेल, आणि रविवारी शाळा भरवली तर तुझे शिक्षक माझ्या नावानं खडे फोडतील. शिवाय एका मुलीसाठी भाषा मंजूर करायची तरतूद नाही. पंचवीस मुलं दाखव, लगेच टिपण ठेवतो.

तिला नुसते ओठ हलवायला सांग. सगळे तेच करतात. आमच्या कार्यालयात मी सोडून सगळे, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. पण हे मनावर घे, नाव खरंच निघेल. वरून यादी मागतात, माझ्या हातात काही नाही.

महिनाअखेर मंत्रीसाहेब तुझ्याच शाळेत येताहेत. त्या दिवशी सहाही भाषांत एकदमच म्हणा, म्हणजे कुणी पहिलं नाही नि कुणी शेवटचं नाही.

रागावलीस तरी लिहिणं थांबवू नकोस.
तुझा बारक्या

१६ जुलै
चि. बारक्यास,
अ. उ. आ.

ओठ हलव, असं मी तिला सांगितलं. जीभ कशी रेटली कोण जाणे. तिच्या मोडक्यातोडक्या बोलण्यातून कळलं ते असं, की न समजता घेतलेली शपथ खोटी होते, आणि खोटं तिच्या आईला चालत नाही. माझ्या शाळेत, तुझ्या कार्यालयात आणि त्याच्याही वर, प्रतिज्ञा मनावर घेणारी ही एकटी निघाली, आणि नाव निघणार तेही हिचंच. मला लाज वाटली रे.

तिची आई थोडंफार आपलं बोलते. तिला बोलावून एकेक ओळ समजावली, तिनं ती लेकीला त्यांच्या भाषेत शिकवली. मंत्र्यांपुढे ही पोर तीच म्हणणार. त्या गोंगाटात कुणाला ऐकू जातंय! तुला आधी कळवते, मागाहून तोंड फुगवू नकोस.

जप स्वतःला, आणि जमलं तर तिलाही.
तुझी ताई

३१ जुलै
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तू मुलांमागे उभी होतीस, म्हणून व्यासपीठावरचं लिहितो. सहा भाषा सुरू झाल्या तेव्हा भर बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. मंत्रीसाहेब डोळे मिटून मान डोलवत होते. मग सगळे थांबले, आणि ती पोर एकटी म्हणतच राहिली. तिच्या भाषेत प्रतिज्ञा एवढी लांब होते, हे तू मला कळवायला नको होतंस का? मैदानभर तिचाच आवाज. एक शब्द कळला नाही, तरी ती प्रतिज्ञा मी पहिल्यांदाच ऐकतोय असं वाटलं, आणि डोळे भरून आले.

मंत्रीसाहेबांनी मला विचारलं की ही कोणती भाषा. मी म्हणालो, आपलीच. क्षणभर विचार करून ते म्हणाले की वाटलंच, त्यांची आजी घरात हीच बोलायची.

आज सकाळी सातवी भाषा फोनवर मंजूर झाली. तरतूद कुठून आली ते विचारू नकोस. दुपारपर्यंत आमच्या कार्यालयातल्या तिघांच्या आज्याही तीच भाषा बोलायच्या असं निघालं. मुलीचं नाव पटावर राहील, तो कागद मी स्वतः केला.

आज्यांचं ज्याचं त्याला लखलाभ. पण तिच्या आईला खोटं चालत नाही ना, म्हणून तिला एवढं जरूर सांग, की मी त्या व्यासपीठावर खोटं बोललो नाही.

तुझाच,
बारक्या