डोंगराला फिनिशिंग

६ एप्रिल
आजपासून चित्रकला. ऑइल कलर, कॅनव्हास, रंग थापायची सुरी, सगळं चिंचवडहून आणलं. विषय ठरला: बाल्कनीतून दिसणारा भंडारा डोंगर. सौ. इंद्रायणी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघत बसायची. दिवाळीनंतर ती हिंजवडीला लेकीकडे, स्वप्नालीकडे गेली, नातीला सांभाळायला. पंधरा दिवसांसाठी! चित्र स्वप्नालीच्या हॉलमध्ये लावायचं. उठता-बसता डोंगर दिसला की बाईसाहेबांना आपलं घर आठवेल आणि बॅग भरतील. मला घाई नाही. कलावंताला एकांत लागतोच.

९ एप्रिल
व्हिडिओतला मास्तर म्हणतो, रंग जाड लावा, डोंगर हाताला लागला पाहिजे. चाकणला कार कंपनीच्या पेंट शॉपमध्ये इन्स्पेक्शनला उभा जन्म गेला. मला रंग शिकवतोय!

१० एप्रिल
कॅनव्हास उभा करायच्या ईझलसाठी बाल्कनीतली इंद्रायणीची खुर्ची हलवली. परत जागेवर ठेवली. ईझल स्वयंपाकघरात. सुरुवात उद्या.

१७ एप्रिल
जमलं! थरावर थर. खालच्या गॅरेजवाल्या लालमहंमदनं हळूच बोट लावून बघितलं. म्हणाला, काका, खराखुरा डोंगर हाय राव ह्यो.
फोनवर इंद्रायणीला सांगितलं, सरप्राइज आहे. ती म्हणाली, जेवता ना वेळेवर? म्हटलं, वेळ कुठाय? (कालचाच वरणभात.)

२८ एप्रिल
चित्र गच्चीवर उन्हात. अजून ओलं. कंपनीत भट्टीतून गाडी कशी खडखडीत निघायची. स्वप्नालीचा फोन: बाबा, तुम्हीच या ना राहायला. लेकीकडे पाहुणा म्हणून जावं, मुक्काम ठोकू नये. शिवाय चित्र कोण राखणार?

२० मे
वाळलं. ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघितलं, जुनी सवय. अरे देवा! फुगवटे, ओघळ, सुरीचे वळ. अशी गाडी मी बापजन्मात पास केली नसती. एवढा एकच फुगवटा काढतो, वॉटर पेपरनं घासून.

२१ मे
एक काढला की शेजारचा दिसतो.

२३ मे
शेवटी पॉलिश मारलं. हात कुठेही अडत नाही. तोंड दिसतं त्यात. लालमहंमदनं परत बोट फिरवून बघितलं. म्हणाला, फिनिशिंग शोरूमचं आलंय काका, पण डोंगर कुठं गेला? जळतो लेकाचा.

२५ मे
व्हिडिओ कॉल. चित्र भिंतीवर टांगलं, मोबाईल अगदी जवळ धरला. वर फिकट निळं, खाली हिरवं. इंद्रायणी खूश. अगंबाई, भिंतीला ऑइल पेंट मारून घेतलात? बरं केलंत, म्हणाली. आता फ्लॅट भाड्यानं द्यायला सोपं जाईल. पोरगी माझ्याशिवाय झोपत नाही, मी काही यायची नाही. तुम्हीच या इकडे.
डोंगराचं बोललोच नाही. म्हटलं, कलावंताला एकांत... तेवढ्यात नात रडली. परत करते म्हणाली, फोन कट.
आता परत 'या' म्हणाली तर 'बरं' म्हणायचं. आढेवेढे घ्यायचे नाहीत. माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली.

२६ मे
फोन नाही. पोरीनं झोपू दिलं नसेल.
तिच्या खुर्चीत बसून चहा घेतला. डोंगर आज स्पष्ट दिसतोय. मीच फोन करायला हरकत नाही. पण मग तिला वाटेल, मला करमत नाही.