दोन बोड्यांची एक पातळी

करडी, ६ जुलै २०२५

चि. दामिनीस बाबाचे अनेक आशीर्वाद.

माझे कान गेल्यापासून फोनवर तुझा नुसता गुणगुणाट येतो, म्हणून पत्रच बरं. तू अभ्यासतेस त्या जोडताऱ्यांचं तुझ्या पत्रात वाचलं. अंगाला अंग लागलेले दोघे, वरून एकच पांघरूण, मोठा आपली ऊब धाकट्याला देतो आणि दोघंही नांदतात. वाचून राहवलं नाही. बोडीच्या, त्या एवढ्याशा तळ्याच्या पाण्यावरून अबोला धरलेल्या तुझ्या हेमराजकाकाच्या दारात गेलो आणि त्याला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, पोरगी एवढं शिकून सांगून राहिली, तं आपण कायले भांडून राहिलो? दोघांनी मिळून दोन बोड्यांमधली मातीची पाळ कापली. माझ्या वरच्या मोठ्या बोडीचं पाणी त्याच्या लहान बोडीत गेलं, आता दोन्हीकडे एकच पातळी. तुझ्या काकूनं, शेवंताबाईनं, आम्हा भावांना एका ताटात वाढलं.

तुझी विद्या घरच्या कामी आली बघ. तब्येत सांभाळ, बापाला विसरू नको.

तुझा बाबा

पुणे, १२ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

अबोला सुटला हे वाचून रडले. पण घाबरलेही आहे. मी लिहिलं ती कागदावरची मांडणी होती. त्या ताऱ्यांचं आतलं कोणी पाहिलेलं नाही. वरून दोघे सारखेच तापलेले दिसतात, म्हणून जोडी टिकेल असं मी धरून चालले होते. नव्या गणितात ती टिकत नाही. धाकट्याचं द्रव्य हळूहळू मोठ्याकडे सरकतं, तो फार झिजला की दोघे एकमेकांत कोसळतात.

काकांच्या बोडीची बाहेरची पाळ थोड्या पाण्यासाठी बांधलेली आहे आणि तिच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे. पातळी एक झाली म्हणून पाळी सारख्या होत नाहीत, बाबा. कापलेली जागा बुजवा. काकांना फोन केला, तर हसून म्हणाले, तू आकाशातलं पाह्य, पाण्याचं आमी पाहून राहिलो.

माझ्यावर रागवा, पण एवढं ऐका.

तुमची दामिनी

करडी, १९ जुलै २०२५

चि. दामिनीस आशीर्वाद.

पत्र मिळताच फावडं घेऊन गेलो. झड लागली आहे. लहान बोडीच्या पाळीला खालून पाझर फुटलाय, पाणी गढूळ येतं, म्हणजे पाळीची माती आतून वाहून चालली आहे. कापलेल्या जागेतून धार अशी की एकट्याच्यानं माती ठरत नाही, आणि हेमराज हात लावेना. म्हणाला, पाणी देऊन आता वापस घ्याले आला काय? पाझर दाखवला, तर म्हणे पाळ दरसाल रडते. माझ्या घरी चल म्हटलं, तर भित्रा म्हणवून घ्यायला तयार नाही. त्याला सोडून शेवंताबाई निघत नाही.

तुझं गणित मला कळत नाही, पोरी. पण पाणी मी सोडलं. ते खाली उतरलंच, तर मी वरच्या घरात कोरडा बसलेला त्याला दिसू नये. वळकटी बांधली आहे, हेमराजकडे राहायला चाललो. काळजी करू नको असं खोटं लिहवत नाही. माया असू दे.

पुढचं पत्र त्याच्याच पत्त्यावर टाक.

तुझा बाबा